डावा डग्गा आणि दोन व्हॉल्व्ह: एका स्वस्त डिस्क प्लेअरचं प्रकरण

मामाकडं ३५०च्या आसपास सीडी आहेत. बहुतेक नव्वदच्या दशकात घेतलेल्या, काही कर्वे रस्त्यावरच्या अलूरकरांकडच्या, काही मुंबईहून पिशवी भरून आणलेल्या. ख्याल, ठुमरी, नाट्यपदं, थोडी सतार. त्याचा मूळचा सीडी प्लेअर कायमचा बसला तेव्हा मी जुन्या बाजारातून ७०० रुपयांना एक डीव्हीडी प्लेअर उचलून दिला होता. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. त्या काळात एकाच धाटणीची आतली सर्किटची पाटी घेऊन अनेक कंपन्यांचे प्लेअर निघायचे, वरचं खोकं तेवढं वेगळं. दोन वर्षं तो बिनतक्रार चालला. मग एका रविवारी फोन आला.

"अरे, हा तुझा डबा गातो, पण पोटातून गात नाही. गळ्यातल्या गळ्यात गातो."

मी लॅपटॉप, मल्टिमीटर आणि एक चाचणीची सीडी घेऊन गेलो. सीडीवर पूर्ण पातळीचा १ किलोहर्ट्झचा सूर घातलेला होता. डाव्या बाजूला १.५५ व्होल्ट, उजव्या बाजूला १.५७. विकृती (यंत्राने सुरात स्वतःहून केलेली भेसळ) इतकी कमी की लॅपटॉपच्या साउंड कार्डाची स्वतःचीच जास्त भरावी. दोन्ही बाजू सारख्या, सूर स्वच्छ. मी निकाल दिला, "प्लेअर ठणठणीत आहे, मामा. तुझे कान उतरले असतील."

"माझे कान सत्तरीचे आहेत, पण गाणं पन्नास वर्षं ऐकलेले आहेत," मामा म्हणाला. "आपला मर्फी रेडिओ आठवतो का तुला? त्याचा आवाज कसा भरलेला होता! त्यात व्हॉल्व्ह होते. यात घाल की."

तर या प्रकरणाची सुरुवात अशी. व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातली, तापल्यावर सिग्नल वाढवणारी काचेची नळी. स्वस्त प्लेअरला व्हॉल्व्ह लावायचा विचार मामाच्या डोक्यातून आला असला तरी तो जुनाच आहे. सीडी १९८२ साली बाजारात आली आणि ऐंशीच्या दशकातच कॅलिफोर्निया ऑडिओ लॅब्ज या अमेरिकन कंपनीने व्हॉल्व्हचा आउटपुट असलेले प्लेअर विकायला सुरुवात केली. नंतर हौशी लोकांनी फिलिप्सच्या जुन्या प्लेअरमधल्या ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या आयसी, काढून तिथं व्हॉल्व्ह बसवले. मलाही हात शिवशिवत होतेच. निमित्त मिळालं.

आत काय होतं

झाकण काढलं की असल्या प्लेअरचा निम्मा डबा रिकामा दिसतो. एका कडेला स्विचिंग पॉवर सप्लाय, मधे डिस्कची यंत्रणा, मागं एक हाताएवढी पाटी. त्या पाटीवर मोठ्या चिपशेजारी गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी एक चिप असते, तोच डॅक. आकडे घेऊन आवाजाचा विद्युत सिग्नल बनवणारा. त्याच्या दोन पायांवर डावा आणि उजवा सिग्नल, तोही सुमारे सव्वादोन व्होल्ट डीसीवर स्वार झालेला. तिथून एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर डीसी अडवतो, पुढं ४५५८ नावाची ऑप-अँप थोडी वाढ करते आणि वरच्या ऐकू न येणाऱ्या कंपनांना चाळणी लावते, मग आणखी एक कपॅसिटर, एक रेझिस्टर, आणि लाल-पांढरे सॉकेट.

ही ४५५८ नाक मुरडण्यासारखी आयसी नाही. पण 'ऑप-अँप वाईट, व्हॉल्व्ह चांगला' असं मनात धरून बसलं की तिचा अपराध आधीच ठरलेला असतो. माझाही ठरला होता.

डॅकच्या पायावर पूर्ण पातळीला १.१ व्होल्ट मिळत होते. सीडी प्लेअरने साधारण २ व्होल्ट द्यावेत असा रिवाज आहे. म्हणजे मला वाढ हवी होती जेमतेम पावणेदोन पट. हा आकडा वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या, कारण सगळी रचना त्यावरच ठरणार होती.

जुन्या फिलिप्समध्ये टीडीए१५४१ए नावाचा डॅक असतो तेव्हा गणित पार वेगळं असतं. तो डॅक व्होल्टेज देत नाही, करंट देतो, आणि त्याच्या पायावर २५ मिलिव्होल्टपेक्षा जास्त झोका गेलेला त्याला चालत नाही. तिथं छोट्या रेझिस्टरवर मिळणारा नखभर सिग्नल वाढवायला व्हॉल्व्हची भरपूर वाढ कामी येते. आमच्या ७०० रुपयांच्या डब्यात तशी गरजच नव्हती. लोक मात्र तिथला नकाशा इथं आणून चिकटवतात. मीही तेच केलं.

पहिला प्रयत्न फळीवर

ईसीसी८८ हा व्हॉल्व्ह आणि एकावर एक दोन ट्रायोड (व्हॉल्व्हमधला वाढ करणारा भाग) ठेवायची, एसआरपीपी म्हणून ओळखली जाणारी रचना. दिसायला देखणी, सुटे भाग मोजके. एका प्लायवुडच्या तुकड्यावर जोडली. तिची वाढ पंचवीस पटीच्या घरात. १.१ गुणिले २५ म्हणजे २७ व्होल्ट! एवढा सिग्नल कुठल्या ॲम्प्लिफायरच्या तोंडात घालणार? म्हणून पुढं दोन रेझिस्टर लावून तो पुन्हा खाली आणला. आधी शिडीवर चढायचं आणि मग उडी मारायची, असला प्रकार.

वाजलं मात्र झकास. गोड, जाडसर. मामा फळीसमोर मांडी घालून बसला आणि डोळे मिटून "हां" म्हणाला. मी लॅपटॉप लावला तर पूर्ण पातळीला विकृती २ टक्क्यांच्या वर. व्हॉल्व्हला २७ व्होल्टचा झोका घ्यायला लावल्यावर तो वाकणारच. शिवाय त्या दोन रेझिस्टरांमुळे आउटपुटचा अवरोध वाढलेला, लांब केबल लावली तर वरचे स्वर मरणार.

इथं थोडं थांबतो, कारण गाणं ऐकणाऱ्यांना ही गोष्ट लगेच कळते. ट्रायोडच्या विकृतीत मुख्य वाटा दुसऱ्या हार्मोनिकचा, म्हणजे दुप्पट कंपनांचा असतो. मूळ सूर षड्ज धरला तर हा त्याच्या वरचा षड्ज. तिसरा हार्मोनिक वरच्या सप्तकातला पंचम. पाचवा आणखी वरचा गंधार, तंबोरा नीट लागला की आपसूक ऐकू येणारा. म्हणजे व्हॉल्व्ह सिग्नलमध्ये जे घालतो ते बेसूर नसतं, एका सुरापुरतं तरी. त्यामुळे कानाला ते खटकत नाही, उलट आवाज भरल्यासारखा वाटतो. पण तंबोरा, सारंगी, हार्मोनियम आणि गळा एकत्र आले की या सगळ्यांच्या कंपनांच्या बेरजा-वजाबाक्याही जन्माला येतात, आणि त्यातल्या बऱ्याच कुठल्याच श्रुतीवर बसत नाहीत. दोन तंबोरे आणि एक गळा असलेल्या विलंबितात फळीवरची रचना मधाळ वाटली. द्रुत तराण्यात हार्मोनियमचा चिखल झाला. मामाने ते माझ्या आधी ओळखलं. म्हणाला, "पेटी फाटतेय." फळी मोडली.

दुसरा, हिशेबातला

आता ईसीसी८२ घेतला, अमेरिकन भाषेत १२एयू७. प्रत्येक बाजूला एक. एका काचेत दोन ट्रायोड असतात. ट्रायोडमध्ये कॅथोडकडून इलेक्ट्रॉन ॲनोडकडं जातात आणि मधल्या ग्रिडवरचा सिग्नल त्यांना कमी-जास्त करतो. पहिला वाढ करतो, दुसरा कॅथोड फॉलोअर म्हणून पुढच्या यंत्राला सिग्नल हाताळून देतो. २०० व्होल्टचा सप्लाय, पहिल्या ॲनोडला ४७ के (किलोओहम), कॅथोडला १.५ के. ॲनोड १०० व्होल्टच्या आसपास बसतो, करंट दोन मिलिअँपिअरच्या जरा वर. अशा मांडणीत वाढ तेरा पट मिळते, तीही आपल्याला नकोच आहे. म्हणून बाहेरचा सिग्नल २२० के मधून परत ग्रिडवर आणला आणि आत येणारा सिग्नल १०० के मधून दिला. हे दोन रेझिस्टर एकमेकांशी भांडतात आणि वाढ पावणेदोन पटीवर येऊन ठरते. बाहेर १.९ व्होल्ट. उरलेली वाढ वाया जात नाही, ती विकृती दाबण्यात खर्च होते. मोजली तेव्हा पूर्ण पातळीला ०.०४ टक्के, जवळपास सगळी दुसऱ्या हार्मोनिकची. बाहेरचा अवरोध ८०० ओहमच्या आसपास.

डॅकच्या पायाजवळ ५६० ओहम आणि २.२ नॅनोफॅरॅडची छोटी चाळणी ठेवली. हल्लीचे डॅक ऐकू येणाऱ्या पट्टीतला गोंगाट ढकलून वर नेतात. मूळ ऑप-अँप तो गाळत होती. व्हॉल्व्ह लावायच्या उत्साहात ही चाळणी विसरणारे बरेच भेटतात.

पॉवर सप्लायसाठी बुधवार पेठेतल्या एका वाइंडिंगवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. १८० व्होल्ट ३० मिलिअँपिअर आणि १५ व्होल्ट १ अँपिअर. त्याने आधी विचारलं, "रेडिओसाठी का? आता कोण करतं?" मग कागदावर न लिहिताच फेरे सांगितले. १८० एसीचे रेक्टिफायरनंतर २५० च्या वर डीसी होतात. ३.३ केचे दोन रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरॅडचे तीन कपॅसिटर यांच्या साखळीतून ते २०० वर उतरतात आणि १०० हर्ट्झची गुरगुर नाहीशी होते. हीटरला, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला, ७८१२ रेग्युलेटर लावला, त्याच्या मधल्या पायात एक १एन४००७ डायोड घातला की १२ चे १२.६ व्होल्ट होतात. ही जुनी चलाखी आहे, कुठल्याही रेडिओ मेकॅनिकला विचारा.

कॅथोड फॉलोअरची एक खोड आहे. व्हॉल्व्ह थंड असताना त्याच्या ग्रिडवर सगळे २०० व्होल्ट येतात आणि कॅथोड शून्यावर असतो. रोज असं झालं तर आत ठिणगी पडून व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. ग्रिड आणि कॅथोड यांच्यामध्ये मी दहा रुपयांच्या टेस्टरमधला निऑन दिवा काढून लावला. बटण दाबलं की तो नारिंगी पेटतो, व्हॉल्व्ह तापला की आपोआप विझतो. मामाला सगळ्या यंत्रातलं हेच सगळ्यात आवडलं. बाजारात मिळणाऱ्या तयार किटमध्ये काचेखाली नारिंगी एलईडी लावून तापलेल्या व्हॉल्व्हचा आव आणतात. आमचा निऑन निदान काम करतो.

धप्प

आधी हे सगळं प्लेअरच्याच रिकाम्या अर्ध्या भागात बसवलं होतं. ते चुकलं. दोन हीटर, रेग्युलेटर, ट्रान्सफॉर्मर मिळून १० वॉटच्या आसपास उष्णता बंद डब्यात कोंडली गेली. चाळीस मिनिटांनी डिस्क अडखळायला लागली. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण पाटीत शिरली ती वेगळीच. म्हणून व्हॉल्व्हचा भाग बाहेर काढून वेगळ्या डब्यात घातला. डबा म्हणजे मामीचा स्टीलचा पोळ्यांचा डबा. गोल, झाकणाचा, हाताशी होता. स्टेनलेस स्टीलला भोक पाडताना ड्रिलची दोन पाती गेली, आणि मामी तीन दिवस विचारत होती, "पोळ्यांचा डबा कुणी नेला?"

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा ॲम्प्लिफायर आधीच चालू होता. सात-आठ सेकंद काही नाही. मग व्हॉल्व्ह तापले, कॅथोड शंभर व्होल्टकडं चढायला लागला, आणि कपॅसिटरमधून तो चढ थेट स्पीकरला पोचला. धप्प! कोन पुढं आला आणि तिथंच क्षणभर थांबला. मामा खुर्चीतून अर्धा उठला. स्पीकर वाचला हे नशीब. दुसऱ्या दिवशी आउटपुट जमिनीला टेकवून ठेवणारा आणि तीस सेकंदांनी सोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) लावला. तो 'टक' करेपर्यंत काही वाजत नाही.

अर्थिंगचं सांगायलाच हवं. हे प्लेअर दोन पिनांचे असतात. त्यांच्या सप्लायमधून एक छोटा कपॅसिटर आतल्या पाटीकडं थोडा करंट झिरपवतो, म्हणून सॉकेटच्या धातूला हात लागला की बोटाला झिणझिण्या येतात. तेवढ्याने माणूस मरत नाही. पण २०० व्होल्ट असलेला स्टीलचा डबा मात्र तीन पिनांच्या प्लगशिवाय घरात ठेवू नये. तिसरी पिन डब्याला नट-बोल्टने आवळली, नुसता डाग देऊन सोडली नाही. शेवटच्या कपॅसिटरवर २२० केचा रेझिस्टर कायमचा टाकला, म्हणजे बंद केल्यावर साठलेला चार्ज हळूहळू उतरतो. तरी मिनिटभर थांबून, मीटर लावून पाहिल्याशिवाय आत हात घालायचा नाही. आणि लोक व्हॉल्व्हच्या २०० व्होल्टला घाबरतात, पण त्याच प्लेअरच्या मूळ सप्लायमधला मोठा कपॅसिटर ३२५ व्होल्टवर भरलेला असतो, हे त्यांच्या ध्यानात नसतं. झाकण उघडल्यावर पहिली भीती त्याची.

मामीचं एक वाक्य

डबा चालू झाला आणि घरात दिवाळी. मामा रोज एक नवी सीडी लावून फोन करायचा. "पोट आलं बघ आवाजाला." "खर्ज ऐक, खर्ज!" मी फुशारकीने दोन मित्रांना बोलावून ऐकवलं. दोघंही म्हणाले, व्हॉल्व्हची बातच और. आठवडाभर मी हवेत होतो.

मग एका संध्याकाळी मामी भाजी निवडता निवडता म्हणाली, "बरं झालं बाई, डावीकडचा डग्गा परत आला. मधे नुसती चाटच वाजत होती."

मी गप्प झालो. व्हॉल्व्हला डावं-उजवं कळत नाही. दोन्ही बाजूंना तोच व्हॉल्व्ह, तेच रेझिस्टर. खर्ज भरला असेल तर दोन्हीकडं भरेल. फक्त डावीकडचा डग्गा परत आला असेल, तर तो आधी डावीकडून गेला होता. कुठं?

घरी जाऊन नवी सीडी बनवली. या वेळी एकच सूर नाही, तर २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत सरकत जाणारा. दुसऱ्या दिवशी प्लेअरचे मूळ लाल-पांढरे सॉकेट लॅपटॉपला जोडले. व्हॉल्व्हचा डबा बाजूला. उजवी बाजू सपाट. डावी बाजू वरून १ किलोहर्ट्झपर्यंत सपाट आणि तिथून खाली उतरंड. १०० हर्ट्झला ६ डेसिबल कमी, ५० ला ११. डग्गा जिथं घुमतो नेमका तोच भाग कापलेला, आणि मी पहिल्या दिवशी मोजलं होतं ते फक्त १ किलोहर्ट्झला. तिथं फरक दिसतो एक दशांश डेसिबल. 'प्लेअर ठणठणीत' म्हणताना मी मामाच्या पन्नास वर्षांच्या कानांसमोर एक आकडा ठेवला होता, आणि तो आकडा खरा असूनही उत्तर चुकलेलं होतं.

दोषी सापडायला दहा मिनिटं लागली. डॅक आणि ऑप-अँप यांच्यामधला डावीकडचा १० मायक्रोफॅरॅडचा इलेक्ट्रोलिटिक. काढून मीटरवर ठेवला तर ९० नॅनोफॅरॅड, म्हणजे शंभरावा हिस्साही उरला नव्हता. उजवीकडचा अडीच मायक्रोफॅरॅड, तोही उतरणीला लागलेला. डावा कपॅसिटर सप्लायच्या उष्णता फेकणाऱ्या पत्र्याला खेटून उभा होता. वर्षानुवर्षं त्या गरमीत आतलं द्रव सुकत गेलं. वरून फुगला नव्हता, गळला नव्हता, दिसायला अगदी नवा. त्याच्या पुढं ऑप-अँपच्या तोंडाशी १० केचा रेझिस्टर. ९० नॅनो आणि १० के यांचा हिशेब केला की १७७ हर्ट्झ येतात. त्याखालचं सगळं निसटत जाणार.

आणि माझे व्हॉल्व्ह कुठून सिग्नल घेत होते? थेट डॅकच्या पायावरून, माझ्या स्वतःच्या फिल्म कपॅसिटरमधून. म्हणजे व्हॉल्व्ह लावताना मी सुकलेला कपॅसिटर नकळत वळसा घालून ओलांडला होता. डग्गा परत आणला त्या वळशाने. श्रेय मिळालं काचेला.

दोन नवे कपॅसिटर लावले. ३ रुपयांचा एक. मूळ सॉकेटवरची दोन्ही बाजूंची रेघ आता एकमेकींवर बसली.

मग व्हॉल्व्ह काय करतात?

आता खरा प्रश्न विचारता येत होता, आणि तो नीट विचारायचा असेल तर आणखी एक खोट काढायला हवी होती. मूळ आउटपुट आता दोन्हीकडं १.५७ व्होल्ट, व्हॉल्व्हचा १.९. फरक १.७ डेसिबलचा. एवढ्या फरकाला 'आवाज मोठा आहे' असं कोणी म्हणत नाही, सगळे 'आवाज चांगला आहे' म्हणतात. दुकानदारांना हे पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. डब्याच्या आउटपुटला एक प्रीसेट (पातळी कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू) लावून दोन्ही बाजू १.५७ वर आणल्या, चूक एका टक्क्याच्या आत. डब्याच्या मागं एक स्विच बसवला. खाली केला की मूळ ऑप-अँप, वर केला की व्हॉल्व्ह. डॅकला दोन्ही एकदम जोडलेले राहिले तरी त्रास नाही, व्हॉल्व्हकडचे १०० के त्याला जाणवतही नाहीत. दोन्ही रचना सिग्नल उलटा करतात, त्यामुळे दिशेचाही फरक नाही.

मामी स्विचपाशी, आमच्याकडं पाठ करून. ती नाणं उडवून ठरवणार, वहीत लिहिणार. तुकडा एकच, दोन मिनिटांचा, तोच तोच. मामाने सांगायचं, काच की आयसी. बारा वेळा झालं. मामाचे सात बरोबर. माझे सहा. नाणं उडवूनही साधारण एवढेच आले असते. संथ आलापात मामा दोनदा अगदी ठामपणे "हा व्हॉल्व्ह" म्हणाला आणि दोन्ही वेळा बरोबर निघाला. पुढच्या दोन वेळा तितक्याच ठामपणे चुकला. बारा वेळांवरून फार मोठा दावा करता येत नाही, कुठल्याच बाजूने. पण ज्या फरकासाठी मित्रांनी आठवड्यापूर्वी माना डोलावल्या होत्या तो इतका मोठा असता तर बारापैकी दहा-अकरा तरी आले असते.

०.०४ टक्के दुसरा हार्मोनिक म्हणजे मूळ सुराच्या ६८ डेसिबल खाली. मैफलीत पंख्याच्या आवाजाखाली दडेल इतका. फळीवरच्या २ टक्क्यांचा मध वेगळा होता, तो ऐकू यायचाच. म्हणजे हिशेबाने केलेली रचना जितकी चांगली, तितकी ती व्हॉल्व्हसारखी कमी वाजते. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो हसला. "मग आधीची बिघडलेलीच बरी होती म्हण की!"

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्याला तो मधच हवा असेल त्याने वाढ थोडी जास्त ठेवावी, परतीचा २२० के काढावा, आणि आपण चव घालतोय हे माहीत असू द्यावं. द्रुत तराणा मात्र त्या दिवशी लावू नये.

एकूण खर्च सांगतो. ईसीसी८२ दोन, ३,८०० रुपये. हल्ली बहुतेक नवे व्हॉल्व्ह स्लोव्हाकिया, रशिया, चीन इथून येतात. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्सही एके काळी असले व्हॉल्व्ह बनवायची, पण ते आता जुन्या साठ्यातच शोधावे लागतात. ट्रान्सफॉर्मर ७५०, व्हॉल्व्हच्या बैठकी ३००, कपॅसिटर १,१००, रिले-रेग्युलेटर आणि किरकोळ ६००, सॉकेट आणि स्विच २५०. बेरीज ६,८००. पोळ्यांचा नवा डबा यात धरलेला नाही. मूळ तक्रारीचा इलाज होता ६ रुपयांचा.

मी डबा परत घेऊन जातो म्हणालो. मामाने नेऊ दिला नाही. त्याला संध्याकाळी बटण दाबायचं, निऑन विझेपर्यंत बघायचं, मग 'टक' झालं की बसायचं, हे लागतं. तेवढ्यात तो चष्मा पुसतो आणि सीडीची पुस्तिका उघडतो.

गेल्या आठवड्यात गेलो होतो. गाणं चालू होतं, व्हॉल्व्ह मंद लाल, मामा खूश. "आज तर फारच भरलंय," म्हणाला. केबल बघायला मी डब्यामागं वाकलो. स्विच खाली होता. त्याच्या दांडीवर धुळीचा थर बसलेला होता.